‘नेऊन’ आणि ‘सोडा’ यांच्या मधले दिवस

डिसेंबर सरत आला की वर्धा जिल्ह्यात तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्याला घाटे धरतात आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्जांची चवड वाढू लागते. मजकूर जवळपास ठरलेला. वानरांनी वावरात धुमाकूळ घातला आहे, घरावरचे कवेलू फोडले आहेत, लहान मुलांच्या अंगावर धावून येतात, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा ही विनंती. बंदोबस्त म्हणजे नेमकं काय, ते अर्जात लिहिलेलं नसतं. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच: पकडा आणि बोरच्या जंगलात नेऊन सोडा.

‘नेऊन सोडा’ हे आपण एका दमात म्हणतो. पशुवैद्यकाला विचारलं तर तो या दोन शब्दांच्या मधे थांबायला सांगेल, तेही निदान तीस दिवस. त्या तीस दिवसांत काय करतात, का करतात आणि ते वगळलं तर काय होऊ शकतं, हे एका टोळीच्या मागे मागे जाऊन पाहू. टोळी कल्पनेतली आहे. जंतू मात्र सगळे खरे.

समजा, सेलू तालुक्यातलं जंगलाला लागून असलेलं एक गाव. तिथे बावीस वानरांची टोळी: एक हुप्प्या, अकरा माद्या, बाकी पोरवडा. आधी शब्दांचा घोळ मिटवून घेऊ. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. इकडच्या बोलीत वांदर. लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं ते माकड. दोघांची पोटं वेगळी आणि दुखणीही वेगळी, त्यामुळे हा फरक पुढे कामाला येणार आहे. वानर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी. तो उचलून दुसरीकडे न्यायचा तर वरची परवानगी लागते, ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून. ग्रामपंचायतीच्या ठरावाने भागत नाही, आणि हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वनपालाला पारावर बसून समजावून सांगावं लागतं.

अशी धरपकड महाराष्ट्राला नवी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, गच्चीवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. वन विभागाने दोन वानरं पकडली आणि ती नागपूरकडे रवाना झाली. बातम्यांचा सगळा भर सुडावर होता. वानरांबरोबर आणखी काय रवाना झालं असेल, हा बातमीचा विषय नव्हता. आपल्या लेखाचा तोच आहे.

आपल्या टोळीचा दिवस बघा. पहाटे लिंबाच्या झाडावर कोवळा पाला. ऊन वर आलं की गावात. उकिरड्यावर काल रात्रीची भाजी, शिळी पोळी, केळीची सालं. शनिवार असेल तर मारुतीसमोर फुटाणे आणि खोबरं. दुपारी तहान लागली की टाकीच्या गळक्या नळाखालचं डबकं, नाहीतर सरळ नाली. त्याच नालीच्या काठी गावातली लहान पोरं बसतात. या एका ओळीत आपल्या गोष्टीतला पहिला जंतू आला.

त्याचं नाव शिगेला. १८९७ साली जपानमध्ये रक्ती आवेची मोठी साथ आली असताना कियोशी शिगा या तरुण डॉक्टरने तो शोधला, म्हणून हे नाव. या जंतूची एक गोष्ट विलक्षण आहे. निसर्गात तो माणसात आणि माणसाच्या वानर-माकड भावबंदांतच घर करतो. गाय, बकरी, कोंबडी, कुत्रा यांच्यात तो नांदत नाही. म्हणजे वानराच्या शेणात शिगेला सापडली, तर गोठ्याकडे बोट दाखवायची सोय उरत नाही. ती आली माणसाकडून, किंवा माणसाकडून घेतलेल्या दुसऱ्या वानराकडून.

बहुतेक जंतूंना आजार घडवायला हजारो-लाखोंच्या संख्येने पोटात जावं लागतं, कारण जठरातलं आम्ल त्यातले बरेचसे मारून टाकतं. शिगेलाला आम्लाचं फारसं काही वाटत नाही. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरतात. एवढे तर न धुतलेल्या नखात मावतात. पुढे मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरून ती पेशीच्या आत वाढते आणि त्या पेशीतल्याच धाग्यांची स्वतःला शेपटी करून शेजारच्या पेशीत घुसते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भिंत फोडून जावं तसं. भिंत सोलवटते आणि जुलाबात रक्त आणि आव दिसू लागते.

पण गावातल्या टोळीत असं काही दिसत नाही. बावीसच्या बावीस जनावरं टुणटुणीत. कारण संसर्ग झालेली कित्येक माकडं आजारी न पडता नुसता जंतू वागवत राहतात. अंगातली प्रतिकारशक्ती आणि आतड्यातले बाकीचे जंतू मिळून शिगेलाला कोपऱ्यात दाबून ठेवतात. घरात एखादा तापट पाहुणा राहावा आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये, तशी ही व्यवस्था चालू असते. ती मोडते पिंजऱ्यात.

पकडायचा दिवस. हंगाम हिवाळ्याचा हवा. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा लोखंडी पिंजऱ्यात जनावर घालणं म्हणजे त्याला भाजणंच. पिंजरा आठ-दहा दिवस आधीपासून उघडाच ठेवतात, आत भिजवलेले चणे, भुईमुगाच्या शेंगा. पहिल्यांदा आत जातात ती वर्षा-दीड वर्षाची उनाड पोरं. मग त्यांच्या मागे आया. हुप्प्या बाहेर बसून राहतो, तोंड दुसरीकडे, डोळे इकडे. तो शेवटी जातो किंवा जातच नाही. गावकरी भोवती जमलेले असतात. कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘भाऊ, यायले कुठी सोडून राहिले?’’ आणि उत्तर यायच्या आत दुसरा कुणी सांगतो, ‘‘आमच्या शिवारात नको बापा.’’

दार पडतं तेव्हा आतला गोंधळ बघवत नाही. जाळीवर उड्या, किंकाळ्या, एकमेकांना चावे. तारेच्या टोकाने बोटं फाटतात, दात मोडतात. दुसऱ्या जंतूला आत यायला ही जागा पुरते: धनुर्वाताचा जंतू, जो मातीत आणि शेणात बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं पडून असतो. खोल, अरुंद, हवा न लागणारी जखम मिळाली की तो जागा होतो आणि विष तयार करतो. लोखंड लागलं की टिटनसचं इंजेक्शन घ्यायचं हे गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण पिंजऱ्यात चिरडलेल्या बोटाला ते कुणी देत नाही. आणि धनुर्वाताची लक्षणं बहुधा तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात. टोळी दुसऱ्याच दिवशी जंगलात सोडली, तर जबडा जखडून उपाशी मेलेली मादी कुणाच्या दृष्टीसही पडणार नाही. कागदावर स्थलांतर यशस्वी.

धनुर्वात माकडांत किती मोठा मारेकरी असू शकतो, हे कळलं ते भारतातल्याच माकडांकडून, पण हजारो मैलांवर. १९३८ साली क्लॅरेन्स रे कारपेंटर या अमेरिकन संशोधकाने भारतातली लाल तोंडाची माकडं जहाजाने कॅरिबियन समुद्रात नेली आणि प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळच्या कायो सँतियागो या छोट्या बेटावर ४०९ माकडं सोडली. आजही तिथे शेकडो माकडं आहेत आणि ती सगळी त्या भारतीय माकडांची वंशज. सोडण्याआधी त्यांच्या क्षयाच्या चाचण्या झाल्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी ‘नेऊन’ आणि ‘सोडा’ यांच्या मधे कुणीतरी थांबलं होतं. पण धनुर्वाताचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. विणीच्या हंगामात नर भांडत, चावे घेत, आणि जखमांतून धनुर्वात शिरे. तिथल्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण होतं. १९८५ पासून सगळ्या माकडांना लस टोचायला सुरुवात झाली आणि या रोगाचे बळी जवळजवळ थांबले. दोन टोचण्यांचं काम. आपल्या टोळीला बेशुद्ध करून तपासायचंच असतं, तेव्हा ही टोचणी त्याच बैठकीत उरकता येते. खर्च नगण्य.

आता गाडी. पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट टाकतात, कारण अंधारात जनावर शांत राहतं. पण खालून वारा खेळता हवा. एका पिंजऱ्यात किती जनावरं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. टोळी मोडून चालत नाही, आईपासून पिल्लू तोडता येत नाही, म्हणून दाटीवाटीने भरायचा मोह होतो. आणि इथेच त्या तापट पाहुण्याला मोकळं रान मिळतं. भीतीने आणि कोंडमाऱ्याने शरीरात कॉर्टिसोल वाढतं, ते दिवसच्या दिवस चढं राहिलं की प्रतिकारशक्ती ढिली पडते. खाणं अचानक बदलल्याने आतड्यातल्या इतर जंतूंची घडी विस्कटते. आतापर्यंत कोपऱ्यात असलेली शिगेला भराभर वाढू लागते, विष्ठेतून बाहेर पडते, पिंजऱ्याच्या फळीवर, हातांवर, दुसऱ्याच्या केसांवर लागते. वानरं एकमेकांचे केस साफ करतात आणि सापडलेलं तोंडात घालतात. दहा जंतू पुरतात, हे आठवा. एक वाहक चढला होता, उतरताना सात-आठ असू शकतात.

जगभरच्या माकडगृहांत हा अनुभव जुना आहे: रोग बाहेरून येत नाही, प्रवासाने उघडा पडतो. साल्मोनेला, कँपिलोबॅक्टर, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरा हेही याच रांगेतले. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं इथे फारसं नाही.

गाडी जाते विलगीकरणाच्या जागी. जखमी वन्यप्राण्यांसाठी वर्ध्याजवळ पिपरी मेघे इथे करुणाश्रम आहे, नागपूरला गोरेवाड्याचं बचाव केंद्र आहे. पण बावीस वानरांची अख्खी टोळी महिनाभर ठेवायची तर वेगळं आवार लागतं: इतर प्राण्यांपासून दूर, फरशी धुता येईल अशी, धुतलेलं पाणी ओढ्यात न जाता शोषखड्ड्यात जाईल असं. खाऊ घालणारा माणूस वेगळा, त्याचे बूट वेगळे, झाडू वेगळा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण विलगीकरण मोडतं ते बहुधा झाडूपायी.

पहिल्या दिवसाचं काम शेण गोळा करण्याचं. ताजं, जमीन न लागलेलं. किंवा बेशुद्ध जनावराच्या गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने. शिगेला जनावराच्या आत दांडगी, पण बाहेर नाजूक. नमुना कोरडा पडला, तापला, की मरते आणि अहवाल येतो ‘काही आढळलं नाही’. म्हणून बोळा एका विशिष्ट लिबलिबीत माध्यमात खुपसून, बर्फाच्या डब्यात ठेवून, पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यायचा. तिथे काचेच्या ताटलीतल्या गुलाबी थरावर नमुना ओढतात. रात्रभर उबेत ठेवल्यावर आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंचे ठिपके गुलाबी उमटतात, शिगेलाचे रंगहीन, दवबिंदूसारखे. मग ते उचलून ओळख पटवणं, मग कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं. तीन-चार दिवस गेले. एका नमुन्यावर भागत नाही, कारण वाहक रोजच्या रोज जंतू टाकत नाही. दिवसाआड तीन नमुने घेतात.

औषध लागू पडतं का, हा प्रश्न पूर्वी एवढा जड नव्हता. माणसांनी निम्मं सोडलेलं अँटिबायोटिक, कोंबड्यांच्या खाद्यातलं अँटिबायोटिक, हे सगळं नालीत येतं आणि नालीतले जंतू त्याला सरावतात. वानर नालीचं पाणी पितं. गावच्या टोळीच्या पोटात गावाचे सरावलेले जंतू असू शकतात. त्यातला एखादा बोरच्या पाणवठ्यावर पोचवणं म्हणजे दवाखान्यातलं दुखणं जंगलात सांडणं.

आणि औषध द्यायचं ठरलं तरी वानराला ते सरळ केळ्यात घालून देता येत नाही. इथे माकड आणि वानर यांतला फरक कामाला येतो. वानराचं जठर साधी पिशवी नसते. त्याला कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्यात पाला आंबवणारे जंतू कोट्यवधींनी राबत असतात. रवंथ न करणारी गायच म्हणा. तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं, तर शिगेलाच्या आधी हे राबणारे मरतात, पोट फुगतं आणि जनावर औषधानेच जाऊ शकतं. म्हणून शक्यतो सुईवाटे, आणि त्याआधी क्षार-पाणी. भक्तिभावाने आणलेल्या केळी-बिस्किटांचंही तेच: साखरेने कप्प्यात आम्ल होतं. विलगीकरणात वानराला हवा तो पाला. वडाचा, पिंपळाचा, उंबराचा, रोज ताजा, फांद्यांसकट. बावीस तोंडांसाठी महिनाभर तो कोण तोडणार, हा खर्चाच्या अंदाजपत्रकात सहसा न दिसणारा प्रश्न आहे.

शिगेलाचा हिशेब दिवसांत लागतो. क्षयाचा महिन्यांत. शिगेला अर्ध्या तासात दुप्पट होते. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे त्याचा संसर्ग आज झाला तर आज काहीच दिसत नाही, आणि थुंकी-कफाचा नमुना उबेत वाढवायचा तर सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. शिवाय माकड खोकत-खंगत बसत नाही. अशक्तपणा दाखवणारं जनावर टोळीत जागा गमावतं, म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग आणतं.

रानातल्या माकडांत क्षय जवळजवळ नसतो. तो लागतो पकडल्यावर. पन्नासच्या दशकात पोलिओच्या लसीसाठी भारतातून दरवर्षी लाखाच्या घरात माकडं परदेशी जात. गावोगावची माकडं व्यापाऱ्यांच्या आवारात कोंबलेली असत, खोकणारी माणसं त्यांना खाऊ घालत, आणि तिकडे पोचल्यावर पिंजरेच्या पिंजरे क्षयाने भरलेले निघत. भारताने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली. अमेरिकेत आजही बाहेरून येणाऱ्या माकडाला किमान ३१ दिवस विलगीकरणात ठेवतात आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने क्षयाच्या तीन चाचण्या घेतात. त्या चाचणीची रीत जवळून बघण्यासारखी आहे.

माणसाला ही चाचणी हाताच्या मनगटाच्या वरच्या भागात टोचतात. माकडाला टोचतात वरच्या पापणीत. वानर गाढ भुलीत आडवं पडलेलं असतं, जीभ बाजूला, डोळे अर्धे उघडे. डॉक्टर अंगठ्याने पापणी ताणतो. केसासारखी बारीक सुई कातडीच्या वरच्या थरात तिरपी सरकवतो आणि ट्युबरक्युलिन या क्षयजंतूच्या अर्काचा एक दशांश मिलिलिटर, म्हणजे दोनेक थेंब, आत सोडतो. माणसाला देतात त्याच्या शेकडो पट तीव्र. पापणीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. झालं. आता तीन दिवस फक्त बघायचं: चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी.

पापणीच का? कारण पापणी पिंजऱ्याबाहेरून दिसते. हातावर टोचलं तर वाचण्यासाठी जनावर पुन्हा धरावं लागेल, पुन्हा भूल, पुन्हा भीती, म्हणजे पुन्हा शिगेलाला आवतण. पापणीला तसं नाही. शेंगदाणा पुढे केला, ते वर बघतं, आपण पाहून घेतो. शून्य ते पाच असे गुण असतात. नुसतं काळंनिळं पडलं किंवा थोडी लाली आली तर चिंता नाही. सूज आली तर संशय. पापणी सुजून खाली ओघळली तर चार. डोळा मिटला तर पाच. लाल माकडाच्या फिकट पापणीवर हे सगळं स्वच्छ वाचता येतं. वानराचं तोंड मात्र काजळासारखं काळं. त्यावर लाली शोधायची कुठे? तिथे सुजेवर आणि ओघळण्यावरच भरवसा, दुसऱ्या डोळ्याशी ताडून. म्हणून एका वेळी एकच पापणी टोचतात.

चाचणीत खोट आहे, आणि ती माहीत असावी. संसर्ग होऊन तीन-चार आठवडे झाले नसतील तर ती कोरी येते. रोग फार पुढे गेला असेल, शरीर थकलं असेल, तरीही कोरी येते. मातीतल्या निरुपद्रवी चुलत जंतूंमुळे कधी कधी नुसतीच फुगते. म्हणून एकदा टोचून भागत नाही; दोन आठवड्यांनी दुसऱ्या पापणीला, मग पुन्हा पहिलीला. सोबत छातीचा एक्स-रे, श्वासनळी धुऊन काढलेल्या पाण्याची जनुकीय चाचणी. ही दुसरी दोन तासांत उत्तर देते आणि तिचं यंत्र माणसांच्या क्षयासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत बसवलेलं आहे.

सगळ्यात स्वस्त चाचणी मात्र माणसांची. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. पिंजरा उचलणारे चौघे, गाडीचा चालक, पाला टाकणारा, यांच्यात कुणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल, तर त्याची थुंकी आधी तपासायची आणि त्याला त्या कामावरून बाजूला ठेवायचं. मजुरी न कापता, नाहीतर तो खोकला लपवेल. मास्क आणि हातमोजे दोन्ही बाजूंसाठी असतात. माकड पकडणाऱ्याला चाव्यातून रेबीजचा धोका आहेच. माकडालाही पकडणाऱ्यापासून धोका आहे, हे आपल्याकडे अजून रुजलेलं नाही.

जंगलात क्षय पोचला तर काय होतं, याचं एक उदाहरण केनियात आहे. मसाई मारात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पर्यटकांच्या एका लॉजच्या कचराखड्ड्यात क्षयी गुरांचं मांस टाकलं जात होतं. तिथे जेवणारे बबून मेले. रॉबर्ट सापोल्स्की हे संशोधक शेजारच्या टोळीचा अभ्यास करत होते. त्या टोळीतले सर्वांत दांडगे नर रोज पहाटे दुसऱ्यांच्या खड्ड्यावर दरोडा घालायला जात, आणि नेमके तेच मेले. मागे राहिले ते सौम्य नर आणि माद्या, आणि टोळीचा स्वभावच पुढची कित्येक वर्षं निवळलेला राहिला. हा शेवट लोकांना फार आवडतो, सांगितलाही जातो. मला त्यातला कचराखड्डा जास्त महत्त्वाचा वाटतो.

वर्ध्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९३६ पासून दत्तपूरचं कुष्ठधाम ज्या जिल्ह्यात उभं आहे, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजींनी जिथे सेवाग्रामात स्वतः धुतल्या, तिथल्या माणसाला कुष्ठरोग हा माणसाचाच रोग वाटणार. २०२१ मध्ये गिनी-बिसाऊ आणि आयव्हरी कोस्टच्या जंगलातल्या रानटी चिंपांझींच्या तोंडावर, हातांवर कुष्ठाच्या गाठी दिसल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. तो माणसाकडून गेला असं सरळ म्हणता येत नाही. त्यांच्यातले जंतू माणसांत क्वचित सापडणाऱ्या वाणाचे आहेत. जंतूंच्या बाबतीत कोण कुणाला काय देतं, याबद्दल बोलताना जरा जपून बोलावं, एवढ्यासाठी ही आठवण.

विलगीकरणात एखादं जनावर मरतं. हे होतंच, आणि इथे गाव पुन्हा आत येतं. वांदर म्हणजे मारुतीचं रूप. तिरडी बांधायची, भजन म्हणत न्यायचं, तेरवी घालायची. या भावनेला मी हसणार नाही. पण मेलेलं वानर जे सांगतं ते जिवंत एकवीस मिळून सांगत नाहीत. फुप्फुसावर पांढरट, चिजेसारख्या गाठी असल्या तर क्षय. आतड्याच्या शेवटच्या हातभर भागात रक्ताळलेली चाळण असली तर शिगेला. आधी शवविच्छेदन, मग अंत्यविधी, असं आधीच ठरवून घेतलं तर दोन्ही होतं. रडणाऱ्यांनी उघड्या हातांनी त्याला कवटाळू नये, एवढंच हळू सांगायचं.

तीस दिवस झाले. सगळ्या चाचण्या निवळ. मग प्रश्न: सोडायचं कुठे? बोर व्याघ्र प्रकल्प, २०१४ मध्ये जाहीर झालेला, गाभाक्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. तिथे वानरं आधीपासून आहेत. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली, नवी टोळी म्हणजे भांडणं, चावे, नव्या हुप्प्याने मारलेली पिल्लं. उन्हाळ्यात पाणी मोजक्या पाणवठ्यांवर. सगळ्या टोळ्या तिथेच वाकणार. निवळ ठरलेल्या एकवीसमध्ये एखादी छुपी वाहक मादी राहून गेली असेल, तर जुन्या टोळ्यांना, ज्यांनी गावची शिगेला कधी पाहिली नाही, ती तिथे भेटेल. जागतिक निसर्ग संवर्धन संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच रोगाची जोखीम आधी तपासायला सांगतात: सोडायच्या प्राण्याची आणि सोडायच्या जागेचीही.

माझं मत, आणि एवढं सगळं वाचल्यावर कदाचित तुमचंही तेच झालं असेल, ते असं. गावच्या तुरीसाठी एवढं कुणी करत नाही, करूही शकत नाही. मग होतं ते असं की पिंजरा, गाडी, रात्रीचा रस्ता, दार उघडलं, फोटो काढला. ज्या स्थलांतरासाठी हा खटाटोप शोभतो त्याची जात वेगळी. अरुणाचल प्रदेशात डेल्लो गावाभोवती शेती वाढत गेली आणि हुलॉक गिबनची कुटुंबं चार-दोन झाडांवर अडकून पडली. गिबन सहसा जमिनीवरून चालत नाही, उतरला की कुत्री फाडतात. २०११ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि तिथल्या वन विभागाने ती कुटुंबं एकेक करून मेहाओ अभयारण्यात हलवली. तिथे न हलवणं म्हणजे मरू देणं होतं. सेलूच्या वानराचं तसं नाही. ते मजेत आहे. त्रासात आपण आहोत. बंद उकिरडे, गळका नळ दुरुस्त, मारुतीसमोर शनिवारी खाऊ न टाकणं, आणि संख्या फारच वाढली तर हिमाचल प्रदेशाने लाल माकडांबाबत धरली तशी नसबंदीची वाट. नसबंदीतही पकडणं आलंच, पण जनावर परत आपल्याच लिंबावर जातं. शिगेलासकट, जी गावाची होती आणि गावातच राहते.

तरीही कधी हलवावंच लागतं. धरणात गाव जातं, रस्ता रुंदावतो, एखादी टोळी माणसं फाडू लागते. तेव्हा सोडल्यावरचे दिवसही मोजायचे असतात. एका मादीच्या गळ्यात पट्टा, आठवड्यातून दोनदा वनरक्षक मागावर. त्याला वानरं मोजायची असतात, पिल्लं मोजायची असतात, आणि झाडाखाली वाकून पडलेलं बघायचं असतं. घट्ट, हिरवट, पाल्याचे धागे दिसणारं असलं तर बरं. पातळ, चकाकणारं, लालसर असलं, तर खिशातली बाटली, लाकडी चमचा, वर तारीख आणि पाणवठ्याचा क्रमांक, आणि दुपारच्या आत नागपूरची गाडी.